न्यूयॉर्कचा इटालियन फौजदार

श्रोतेहो, मोठ्या शहरांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा त्यांत महापौर येतात, व्यापारी येतात, बंदरे आणि पूल बांधणारे स्थापत्यविशारद येतात. त्याच शहराच्या गल्लीबोळांतून रात्री-अपरात्री हिंडणारा पोलीस मात्र त्यांत सहसा येत नाही. आणि आलाच तर एखाद्या दंगलीच्या किंवा लाचलुचपतीच्या प्रकरणात येतो. या रिवाजाला न्यूयॉर्क शहराने एक ठळक अपवाद केलेला आहे. १२ एप्रिल १९०९ या दिवशी त्या शहरात एका पोलीस लेफ्टनंटची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा दोन लाखांहून अधिक माणसे उभी होती. हा लेफ्टनंट कोणा बड्या घराण्यातला नव्हता. ज्या समाजाकडे ते शहर संशयाने आणि तिरस्काराने पाहत असे, त्या इटालियन निर्वासित समाजातला तो होता. त्याचे नाव जोसेफ पेट्रोसिनो. आपल्या जुन्या परिभाषेत त्याला फौजदार म्हणावयास हरकत नाही.

तिरस्कृत समाजातल्या या ठेंगण्या माणसाला एवढा मान कशामुळे मिळाला, आणि एवढा मान देणाऱ्या त्या शहराने त्याच्या जिवाची आणि त्याच्या कामाची राखण कितपत केली, या दोन प्रश्नांभोवती आजचे हे विवेचन आहे.

पेट्रोसिनोचा जन्म ३० ऑगस्ट १८६० रोजी दक्षिण इटलीत, सालेर्नो प्रांतातील पादुला या गावी झाला. बाप शिंपी होता. इटलीचे एकीकरण त्याच सुमारास होत होते. परंतु दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्याच्या पदरी त्या एकीकरणातून नवे कर आणि सक्तीची लष्करभरती यांवाचून फारसे काही पडले नाही, असे तेथील लोकांना वाटे. सरकार म्हणजे वसुलीला येणारा माणूस, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. ही समजूत आपण ध्यानात ठेवू, कारण पुढच्या सगळ्या कथेचे मूळ तिच्यात आहे. पेट्रोसिनोचे कुटुंब १८७० नंतरच्या काही वर्षांतच अमेरिकेत आले. पोरवयातल्या जोसेफने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली, लोकांच्या बुटांना पॉलिश केले. मलबेरी स्ट्रीटवरील पोलीस कचेरीसमोर बसून तो पोलिसांचेच बूट चमकवीत असे, असे सांगतात. पुढे तो शहराच्या झाडूखात्यात लागला. हे खाते त्या वेळी पोलिसांच्याच देखरेखीखाली होते, आणि तेथेच अलेक्झांडर विल्यम्स नावाच्या एका पोलीस कॅप्टनची नजर या कष्टाळू मुलावर गेली.

१९ ऑक्टोबर १८८३ रोजी पेट्रोसिनो पोलीस शिपाई झाला. त्याची उंची जेमतेम ५ फूट ३ इंच, म्हणजे नियमाला लागणाऱ्या उंचीहून बरीच कमी. तरीही त्याला घेतले याचे कारण व्यवहाराचे होते. न्यूयॉर्कच्या पोलीस दलात आयरिश वंशाच्या लोकांचा भरणा होता. इटलीहून येणारी जहाजे तर दर वर्षी अधिकाधिक माणसे बंदरात उतरवीत होती. आणि या माणसांची भाषा समजणारा पोलीस दलात जवळजवळ कोणीच नव्हता. भाषा तरी एक कोठे होती? नेपल्सच्या माणसाची बोली निराळी, कालाब्रियाच्या माणसाची निराळी, सिसिलीची तर त्याहून निराळी. १९१० च्या शिरगणतीत न्यूयॉर्कमधील इटलीत जन्मलेल्या रहिवाशांची संख्या सुमारे ३,४०,००० भरली. एवढ्या मोठ्या वस्तीत खून झाला, चोरी झाली, मूल पळविले गेले, तरी गस्तीचा शिपाई दारात उभा राहून इंग्रजीत प्रश्न विचारी आणि समोरची म्हातारी खांदे उडवून दार लावून घेई. शिपाई नोंद करी की हे लोक गुन्हेगारांना पाठीशी घालतात. वस्तीतले लोक मनात म्हणत की येथेही सरकार आपले नाही. एकमेकांविषयीचा हा गैरसमज हेच तेथील बदमाशांचे खरे भांडवल होते.

पेट्रोसिनोला या बोलीभाषा येत होत्या. त्याच्या अंगी तल्लख स्मरणशक्ती होती. एकदा पाहिलेला चेहरा तो विसरत नसे. तो कधी खोदकाम करणारा मजूर होई, कधी नुकताच जहाजातून उतरलेला खेडूत. १८९५ साली थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी त्याच वर्षी पेट्रोसिनोला डिटेक्टिव्ह सार्जंटची बढती दिली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या या गृहस्थांचा आणि त्याचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. बदमाशांच्या जगातही त्याचे नाव दुमदुमू लागले. दक्षिण इटलीच्या बोलीत ‘पेट्रोसिनो’ म्हणजे पार्स्ली, आपल्या कोथिंबिरीच्या जातीची एक भाजी. तो गल्लीत शिरला की हातगाडीवाले ‘ताजी पार्स्ली आली हो’ असा पुकारा करून आतल्यांना सावध करीत, अशी आठवण सांगतात.

त्याच्या कर्तबगारीचे एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण त्यात त्याने माणूस पकडला त्याहीपेक्षा एक माणूस सोडविला. अँजेलो कार्बोने नावाच्या एका तरुण इटालियनाला १८९७ साली खुनाच्या आरोपावरून देहान्ताची शिक्षा झाली होती, आणि सिंगसिंगच्या तुरुंगात तो विजेच्या खुर्चीची वाट पाहत होता. आपण निरपराध आहोत असे तो परोपरीने सांगत होता. पण न्यायालयाला त्याची भाषा कळत नव्हती आणि त्याला न्यायालयाची. पेट्रोसिनोने त्याचे म्हणणे त्याच्या बोलीत ऐकून घेतले, ते त्याला पटले, आणि खऱ्या खुन्याचा माग काढीत तो थेट बाल्टिमोर शहरापर्यंत गेला. चियारामेलो नावाचा तो म्हातारा खुनी हाती लागला आणि कार्बोनेचा जीव वाचला. ज्या पोलिसाने हे केले त्याच्याविषयी वस्तीत काय बोलले गेले असेल, याची कल्पना श्रोत्यांना सहज करता येईल.

दुसरे प्रकरण अधिक गाजले. १४ एप्रिल १९०३ च्या सकाळी शहराच्या पूर्व भागात रस्त्याच्या कडेला एक लाकडी पिंप आढळले, आणि त्यात गळा चिरलेल्या माणसाचे प्रेत होते. तो कोण, हे कोणालाच सांगता येईना. पेट्रोसिनो प्रेताचे छायाचित्र घेऊन सिंगसिंगच्या तुरुंगात गेला. तेथे खोट्या चलनाच्या प्रकरणात शिक्षा भोगणारा एक सिसिलियन कैदी होता. छायाचित्र पाहताच हा आपला मेहुणा बेनेदेत्तो मादोनिया, असे त्याने ओळखले. धागा ज्युझेप्पे मोरेल्लो याच्या टोळीपर्यंत पोचला, धरपकडही झाली. परंतु साक्षीदारांनी ऐन वेळी तोंडे मिटली आणि या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. मोरेल्लोला पुढे १९१० साली २५ वर्षांची शिक्षा झाली ती खोट्या नाण्या-नोटांच्या गुन्ह्याबद्दल. गुन्हा उलगडणे आणि गुन्हा शाबीत करणे यांत केवढे अंतर आहे, याचा धडा पेट्रोसिनोला या पिंपाने दिला. ते अंतर होते भीतीचे.

याच सुमारास ‘काळा हात’ या नावाने धमकीची पत्रे येऊ लागली. त्यांवर काळा पंजा, खंजीर, कवटी, शवपेटी अशी चित्रे काढलेली असत आणि ठरावीक रक्कम अमुक ठिकाणी आणून द्या, न दिल्यास दुकान सुरुंगाने उडवू, मूल पळवू, असा मजकूर असे. हा काळा हात म्हणजे एकच एक विराट गुप्त संघटना असावी अशी वृत्तपत्रांनी लोकांची समजूत करून दिली. वस्तुतः ती लहानमोठ्या खंडणीखोर टोळ्यांची एक पद्धत होती. कोणीही चार बदमाश एकत्र येऊन काळा पंजा काढीत आणि त्या चित्राच्या धाकाने पैसे उकळीत. बळी पडत ते इटालियन वाणी, नानबाई, केशकर्तनालयवाले, ठेकेदार, म्हणजे परक्या मुलखात येऊन काबाडकष्टाने चार पैसे गाठीला बांधलेली माणसे. ती पोलिसांकडे जात नसत. कारण पोलिसांकडे गेल्याचे वस्तीला तासाभरात कळे, आणि पोलीस मात्र महिनाभरात काही करू शकत नसत.

पेट्रोसिनोने वरिष्ठांकडे मागणी केली ती साधी होती: इटालियन जाणणाऱ्या माणसांचे एक स्वतंत्र पथक मला द्या. १९०४ च्या अखेरीस आयुक्त विल्यम मॅकडू यांच्या कारकीर्दीत हे ‘इटालियन पथक’ उभे राहिले. त्यात प्रारंभी पेट्रोसिनोखेरीज अवघे पाच जण होते. हजारो शिपायांच्या त्या दलात ही गणती पासंगालाही पुरणारी नव्हती. पाचांतील एक तर वंशाने इटालियनही नव्हता; पण त्या वस्तीत वाढल्यामुळे त्याला सिसिलीची बोली येत होती, आणि तेवढी पात्रता पुरेशी ठरली. या पथकाची कामाची रीत समजण्यासारखी आहे. फिर्यादीला कचेरीत बोलवायचे नाही. आपणच गिऱ्हाईक म्हणून त्याच्या दुकानात जायचे. खंडणी देण्यास तो निघाला की खुणा केलेल्या नोटा द्यायच्या आणि घेणाऱ्याला घेतेवेळीच पकडायचे. स्फोटकांचा माग बांधकामावरच्या सुरुंगांच्या साठ्यापर्यंत काढायचा. जसजसे खटले उभे राहू लागले, तसतशी वस्तीतली दारे थोडी थोडी उघडू लागली. पुढे पथकातील माणसेही वाढविण्यात आली आणि ब्रुकलिनमध्ये आंतोनिओ व्हाक्रिस याच्या हाताखाली त्याची शाखा निघाली.

पेट्रोसिनोचे चित्र निर्भेळ उजळ रंगात रंगविणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. न्यायालयात शिक्षा होत नाही असे पाहून त्याने अनेक बदमाशांना स्वतःच्या मुठीने चोप दिला, आणि ही गोष्ट त्याने फारशी लपविलीही नाही. त्या काळच्या पोलिसी रीतीत ते खपून जाई. आज आपण त्याचे समर्थन करणार नाही. मात्र त्याच माणसाने जाहीरपणे असेही सांगितले होते की, या वस्त्यांना डिटेक्टिव्हापेक्षा शिक्षकाची आणि धर्मोपदेशकाची गरज अधिक आहे. नव्या देशातले आपले हक्क कोणते आणि कायदा आपल्याला कसा उपयोगी पडतो, हे या लोकांना समजावून सांगितले तर काळ्या हाताचा धाक आपोआप ओसरेल.

त्याची लढाई अशी दुहेरी होती. एका अंगाला आपल्याच समाजातले गुन्हेगार, आणि दुसऱ्या अंगाला ‘सगळे इटालियन तसलेच’ म्हणणारे शहर. हे म्हणणारे केवळ रस्त्यावरचे लोक नव्हते. त्याचे वरिष्ठ, पोलीस आयुक्त थिओडोर बिंगहॅम यांनी सप्टेंबर १९०८ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात लेख लिहून शहरातील गुन्हेगारीचे खापर ज्यू आणि इटालियन निर्वासितांवर फोडले. ज्यू समाजात संतापाची लाट उसळली आणि त्यांच्याविषयीची विधाने बिंगहॅम यांना मागे घ्यावी लागली. पेट्रोसिनोचे रोजचे काम हेच या लेखाला उत्तर होते. गुन्हेगार मूठभर आहेत आणि त्यांचे भक्ष्य झालेले हजारो लोकही इटालियनच आहेत, हे त्याच्या प्रत्येक खटल्यातून दिसत होते.

१९०७ च्या नव्या कायद्याने त्याच्या हाती एक शस्त्र आले. स्वदेशात शिक्षा झालेला परदेशी माणूस अमेरिकेत येऊन तीन वर्षे पूर्ण होण्याच्या आत सापडला, तर त्याला परत पाठविता येत असे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेट्रोसिनोने नेपल्सच्या ‘कामोर्रा’ टोळीचा म्होरक्या एन्‍रिको अल्फानो याला न्यूयॉर्कमध्ये पकडले. तो इटलीत पोचला आणि व्हिटेर्बो येथे चाललेल्या प्रसिद्ध खटल्यात १९१२ साली त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. परंतु हे शस्त्र चालवावयाचे तर त्या त्या माणसाच्या जुन्या शिक्षेचा दाखला पाहिजे, आणि ते दाखले इटलीच्या न्यायालयांतील दप्तरांत पडलेले. ते आणण्यासाठी कोणी तरी तिकडे जाणे भाग होते.

वयाच्या सत्तेचाळिशीत पेट्रोसिनोने विवाह केला होता. ९ फेब्रुवारी १९०९ रोजी तो जहाजावर चढला तेव्हा त्याची मुलगी दोन-अडीच महिन्यांची होती. शहराच्या नगरसभेने गुप्त पोलिसांसाठी पैसे नाकारल्यामुळे बिंगहॅम यांनी खाजगी देणग्यांतून निधी उभा केला होता. व्यापाऱ्याच्या वेषात, खोट्या नावाने हा प्रवास चालू होता. आणि तो इटलीच्या किनाऱ्याला लागतो न लागतो तोच न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत बातमी झळकली की, पेट्रोसिनो गुन्हेगारांची माहिती काढण्यासाठी इटलीला गेला आहे! ही बातमी दुसऱ्या कोणी फोडली नव्हती. आयुक्तांनी स्वतःच आपल्या नव्या योजनेची वाच्यता वार्ताहरांपाशी केली होती.

रोममध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटून २८ फेब्रुवारीला तो सिसिलीत, पालेर्मो शहरी पोचला. न्यायालयाच्या दप्तरातून नावे उतरवून घेण्याचे काम त्याने सुरू केले. तेथील पोलीसप्रमुखाने संरक्षणासाठी माणूस देऊ केला, तो त्याने नाकारला. ज्या माणसाने वीस वर्षे न्यूयॉर्कमध्ये लोकांचा विश्वास हेच आपले चिलखत मानले होते, त्याच्या हे लक्षात आले नाही की पालेर्मोत ते चिलखत त्याच्या अंगावर नव्हते. तेथे तो त्या भाषेचा असला तरी त्या गावाचा नव्हता. १२ मार्च १९०९ च्या रात्री नऊच्या सुमारास, पियात्सा मारीना या चौकात, गॅरिबाल्डी उद्यानाच्या कठड्याजवळ त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि तो जागीच ठार झाला. त्याचे पिस्तूल हॉटेलच्या खोलीतच राहिले होते. न्यूयॉर्कच्या पोलीस दलातील, कर्तव्यावर असताना परदेशात मारला गेलेला हा एकमेव अधिकारी मानला जातो.

संशय व्हितो काशो फेर्रो या सिसिलियन म्होरक्यावर गेला. तो पूर्वी न्यूयॉर्कमध्ये होता आणि पिंपाच्या प्रकरणातही त्याचे नाव आले होते. त्याला अटक झाली. पण खुनाच्या वेळी तो दुसरीकडे होता अशी साक्ष एका प्रतिष्ठित राजकीय पुढाऱ्याने दिली आणि पुराव्याअभावी तो सुटला. एका शतकाहून अधिक काळानंतर, २०१४ साली, पालेर्मोच्या पोलिसांनी चोरून ऐकलेल्या एका संभाषणात, आपल्याच घराण्यातील पूर्वजाने काशो फेर्रोसाठी हा खून केला, अशी फुशारकी एका तरुणाने मारल्याचे प्रसिद्ध झाले. खुनाचा न्याय झाला नाही. गावगप्पांत त्याची मिरास तेवढी उरली.

याहून शोचनीय गोष्ट न्यूयॉर्कमध्ये घडली. १९०९ च्या जुलैमध्ये बिंगहॅम पदावरून गेले. त्याच वर्षी व्हाक्रिसने इटलीत जाऊन शिक्षा झालेल्या शेकडो गुन्हेगारांचे दाखले गोळा केले होते. ज्या कागदांसाठी पेट्रोसिनोने प्राण दिले तेच हे कागद. परंतु नव्या राजवटीला या कामात गोडी नव्हती. व्हाक्रिसला परत बोलावण्यात आले, दाखले कपाटांत पडून राहिले, आणि पडून राहिले त्या काळात कित्येकांची तीन वर्षांची मुदत उलटून गेली. इटालियन पथकही थोड्याच वर्षांत मोडीत निघाले. शहराने फौजदाराला सलामी दिली आणि त्याच्या दप्तराला कुलूप लावले. आज मॅनहॅटनमध्ये त्याच्या नावाचा एक छोटा चौक आहे. १९८७ साली त्याला ते नाव देण्यात आले. पादुला येथील त्याचे घर वस्तुसंग्रहालय झाले आहे. स्मारके अशी उशिरा का होईना उभी राहतात. मुदत संपलेला कागद मात्र पुन्हा जिवंत होत नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांची घराणी कोणे एके काळी दुसऱ्या मुलखातून येऊन या शहरांत स्थिरावलेली आहेत. बाजाराची भाषा एक, कचेरीची दुसरी आणि घरातली तिसरी, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून पेट्रोसिनोच्या चरित्रातला मुख्य मुद्दा आपल्याला लवकर उमजावा. परक्या भाषेच्या गरीब वस्तीत बदमाशांचे राज्य चालते ते त्या लोकांच्या रक्तात गुन्हा असतो म्हणून नव्हे. त्यांची फिर्याद ऐकून घेणारे माणूस दरबारी नसते, आणि ही उणीव बदमाश भरून काढतात. न्यूयॉर्कने तीन लाखांहून अधिक माणसांच्या वस्तीसाठी आधी एक आणि मग सहा माणसे नेमली, आणि तेवढ्यानेही केवढा फरक पडला हे आपण पाहिले.

आपापल्या शहरांतही आज रस्त्याची खोदाई करणारे, इमारतींवर वाळू-सिमेंट वाहणारे मजूर दूरदूरच्या प्रांतांतून येत असतात. त्यांच्यापैकी एखाद्याची मजुरी मुकादमाने बुडविली, एखाद्याला दमदाटी झाली, तर पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभे राहून त्याने आपले गाऱ्हाणे कोणत्या भाषेत सांगावे, आणि ते ऐकून घेणारे आत कोणी आहे काय, एवढी चौकशी आपण प्रत्येकाने आपल्या गावी एकदा करून पाहण्यासारखी आहे.